उमरखेडची सकाळ आणि दोन घड्याळे

उमरखेड हे काही कोणी मुद्दाम पाहायला जावे असे गाव नाही, असे खुद्द उमरखेडकरच सांगतात. आणि पाहुण्याने 'खरे आहे' म्हणून मान डोलावू नये एवढ्यासाठी लगेच गावातली दहा ठिकाणे बोटांवर मोजून दाखवितात. यवतमाळ जिल्ह्याच्या दक्षिण अंगाला, पैनगंगेच्या काठाजवळ वसलेले हे तालुक्याचे गाव. नदीच्या अलीकडे विदर्भ, पलीकडे मराठवाडा. १८५३ साली निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. त्यानंतर सुमारे शतकभर या एवढ्याशा पाण्याच्या दोन्ही काठांवर दोन राज्ये नांदत होती. अलीकडे इंग्रजांचा रुपया चाले, पलीकडे निजामाचा हाली शिक्का. हडगावचा माणूस बाजाराला उमरखेडला आला म्हणजे त्याला आधी नाण्यांचा हिशेब जुळवावा लागे. आज त्या नदीवर मार्लेगावचा पूल आहे आणि ती फक्त जिल्ह्यांची हद्द आहे. पण दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवून तोलून पाहण्याची सवय मात्र या गावच्या हाडांत मुरलेली दिसते. भाव कापसाचा असो की हळदीचा, उमरखेडचा माणूस 'तिकडे काय चाललाय?' हे विचारल्याशिवाय सौदा करीत नाही.

अशा गावी गेल्या आश्विनात मी दोन घड्याळे घेऊन गेलो. निमित्त होते आमच्या आतेभावाकडे, म्हणजे अण्णांकडे, आठ दिवस राहण्याचे. घड्याळांचे निमित्त वेगळे होते. आमचे चिरंजीव जर्मनीत नोकरीला आहेत. तेथे मिळालेल्या पहिल्या बोनसातून त्यांनी ओमेगा कंपनीचे 'स्पीडमास्टर' नावाचे घड्याळ घेतले आणि या खेपेला घरी आले तेव्हा, 'बाबा, जपून वापरा' अशी ताकीद देऊन ते माझ्यापाशी ठेवून गेले. दुसरे घड्याळ माझे स्वतःचे. चीनमधल्या तिआनजिनच्या 'सी-गल' कारखान्याच्या यंत्राचे, '१९६३' या नावाने ओळखले जाणारे. एकाची किंमत कित्येक लाखांत, दुसऱ्याची काही हजारांत. दोन्ही चावीची, सेल नाही, वीज नाही. दोन्हींच्या तबकडीवर लहान तबकड्या आणि कडेला वर-खाली दोन बटणे. या जातीच्या घड्याळाला क्रोनोग्राफ म्हणतात. चालू वेळ दाखवीत असतानाच हवा तो कालावधी मोजून देणे हे त्याचे काम. वरचे बटण दाबले की मोठा काटा धावू लागतो, पुन्हा दाबले की थांबतो, खालचे दाबले की टुणकन बारावर परत येतो.

'क्रोनोग्राफ' या शब्दाचा मूळ अर्थ 'काळ लिहिणारा'. १८२१ साली पॅरिसच्या घोड्यांच्या शर्यतीत रियुसेक नावाच्या घड्याळकाराने खरोखरच तसे यंत्र वापरले होते. घोडा रेषा ओलांडी तेव्हा फिरत्या तबकडीवर शाईचा ठिपका पडे. पुढे शाई गेली, पण नाव राहिले.

नांदेडहून एस.टी.ने निघालो तेव्हाच परीक्षेला सुरुवात केली. स्पीडमास्टरच्या काचेभोवतीच्या कड्यावर वेग मोजण्याची पट्टी कोरलेली असते. १९५७ साली हे घड्याळ निघाले ते मोटारशर्यतींसाठी. एका किलोमीटरच्या दगडापाशी बटण दाबायचे, पुढच्या दगडापाशी थांबवायचे. काटा पट्टीवरच्या ज्या आकड्यापुढे उभा राहील तो ताशी वेग. यात जादू काही नाही. ३६०० ला सेकंदांनी भागले की तोच आकडा येतो. अर्धापूरच्या केळीच्या बागा मागे पडून गाडी मोठ्या रस्त्याला लागली तेव्हा ५५ सेकंद भरले, म्हणजे ताशी ६५ किलोमीटर. मी खूश झालो. पण हमरस्ता सोडून एका फाट्यावरून गाडी आत वळली आणि पुढच्या किलोमीटरला ७८ सेकंद लागले. आता पंचाईत अशी, की या पट्टीवर ६० च्या खालचा आकडाच नाही. एका मिनिटात जो किलोमीटर काटीत नाही, त्याची दखल घ्यायला हे घड्याळ तयार नाही! शेजारी बसलेल्या एका शेतकऱ्याला मी ही अडचण समजावून सांगितली. तो म्हणाला, "मंग ते घड्याळ आमच्या कामाचं नाही, भाऊ."

सी-गलला असली पट्टीच नाही, त्यामुळे त्याचा अपमान झाला नाही. पण प्रवासाचा एकूण वेळ मोजताना त्याचे तोकडेपण दिसले. ओमेगाला सेकंदांखेरीज ३० मिनिटांची आणि १२ तासांची अशा दोन मोजण्या आहेत. उमरखेडच्या स्थानकावर उतरलो तेव्हा त्याने २ तास १२ मिनिटे असे सरळ सांगितले. सी-गलपाशी फक्त ३० मिनिटांची मोजणी. तिच्या काट्याने किती फेरे घातले हे आपणच लक्षात ठेवायचे. दोन्ही हातांत दोन घड्याळे बांधून उतरलेल्या मला पाहून वहिनी एवढेच म्हणाल्या, "एक आमच्या घरातल्या घड्याळापेक्षा मागे असेल, म्हणून दुसरं आणलंय का?"

वहिनींच्या विनोदात तथ्य होते. आपल्या सर्वांची घड्याळे अलाहाबादजवळच्या रेखांशावर चालतात. १ जानेवारी १९०६ पासून ही प्रमाण वेळ म्हणून धरली गेली. उमरखेडचा रेखांश त्याहून सुमारे पावणेपाच अंश पश्चिमेला, आणि दर अंशाला ४ मिनिटे. म्हणजे भिंतीवरच्या घड्याळात बारा वाजतात तेव्हा उमरखेडची स्वतःची वेळ सरासरीने १९ मिनिटे मागेच असते. लाखाचे घड्याळ आणले तरी सूर्याच्या हिशेबाने ते चूकच.

आता या दोन घड्याळांचे कुळ सांगतो, कारण खरी गंमत तेथे आहे. स्पीडमास्टरची कीर्ती चंद्रामुळे. अमेरिकेच्या 'नासा'ने निरनिराळ्या कंपन्यांची घड्याळे उष्णता, थंडी, धक्के, कंपने, निर्वात पोकळी अशा सगळ्या छळातून काढली आणि १ मार्च १९६५ रोजी स्पीडमास्टर अंतराळवीरांसाठी पसंत केले. जुलै १९६९ मध्ये ऑल्ड्रिनच्या मनगटावरून ते चंद्रावर उतरले. त्याच्या सोबत्याने, म्हणजे आर्मस्ट्राँगने, आपले घड्याळ यानातच ठेवले होते, कारण यानातले घड्याळ बिघडले होते. एप्रिल १९७० मध्ये अपोलो १३ संकटात सापडले तेव्हा यानाची दिशा सुधारण्यासाठी इंजिन १४ सेकंद चालवायचे होते. ते १४ सेकंद मोजले गेले ते याच घड्याळावर. एवढी पुण्याई असूनही ही घड्याळे अंतराळवीरांच्या मालकीची नव्हती. ती सरकारी मालमत्ता, कामापुरती हाती दिलेली. ऑल्ड्रिनचे ते घड्याळ पुढे संग्रहालयाकडे पाठविताना वाटेतच गहाळ झाले.

सी-गलचे कुळ इतके झगमगीत नाही. १९६१ साली चीन सरकारने आपल्या वैमानिकांसाठी असे घड्याळ घरीच करायचे ठरविले. स्वित्झर्लंडच्या 'व्हीनस' कारखान्याची १७५ क्रमांकाच्या यंत्राची सामग्री तिआनजिनला नेण्यात आली आणि त्यातून हे घड्याळ उभे राहिले. तबकडीवर लाल तारा, लाल काटा आणि '२१ खडे' असे चिनी लिपीत. अण्णांनी ते उलटसुलट करून पाहिले आणि विचारले, "बासष्टच्या आसपासचं?" मी हो म्हटले. ते काही वेळ बोलले नाहीत. मग म्हणाले, "घड्याळाचा काय दोष!" १९६३ हा आकडा मात्र त्यांना वेगळ्या कारणाने आवडला. त्याच वर्षी शेजारच्या पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक मुख्यमंत्री झाले. या भागात त्या वर्षाची आठवण काढायला एवढे पुरते.

बसस्थानकाच्या बाजूला घड्याळे दुरुस्त करणाऱ्या एका वृद्ध गृहस्थांचे लहानसे दुकान आहे. काचेच्या पेटीत जुन्या एचएमटी घड्याळांचे सांगाडे. बंगलोरला १९६१ साली सिटिझन या जपानी कंपनीच्या मदतीने निघालेला तो कारखाना. 'जनता', 'पायलट', 'सोना' ही नावे ऐकली की आपल्या वडिलांचे मनगट आठवते. २०१६ साली तो धंदा बंद झाला. आता सुटे भाग हवे असतील तर एक घड्याळ मारून दुसरे जगवावे लागते. त्यांनी डोळ्याला भिंग लावले आणि सी-गलच्या काचेच्या पाठीतून आत पाहिले. पाच मिनिटे त्यांनी डोके वर उचलले नाही.

"भाऊ, हे बटण दाबा... आता सोडा... पुन्हा दाबा," असे ते मला सांगत होते आणि आत एक चिमुकले, खांबांचे चाक दर दाबाला एकेक घर पुढे सरकत होते. देवळाच्या गोल सभामंडपासारखे ते चाक. तरफेचे टोक खांबावर चढले की काटा थांबतो, दोन खांबांमधल्या फटीत पडले की सुटतो. ही जुनी, नाजूक आणि खर्चिक रचना. ओमेगातही पूर्वी हीच होती. १९६८ पासून त्यांनी तिच्या जागी दातेरी पत्र्याची साधी रचना बसविली, कारण ती करायला स्वस्त आणि झटपट. चिरंजीवांच्या घड्याळात १८६१ क्रमांकाचे यंत्र आहे आणि त्यात काटा थांबविणारा एक बारीक तुकडा चक्क प्लॅस्टिकचा आहे! म्हणजे पाहा, स्वस्त घड्याळाच्या पोटात खानदानी चाक आणि महाग घड्याळाच्या पोटात कामचलाऊ पत्रा. वृद्ध गृहस्थांना मी हे सांगितले तेव्हा ते हसले. म्हणाले, "कामचलाऊ म्हणू नका. चालतं ना? मग ते कामाचं." ओमेगा उघडून पाहण्याची त्यांची इच्छा स्पष्ट दिसत होती. चिरंजीवांची ताकीद आठवून मी ते पुढे केले नाही. त्यांनीही मागितले नाही. पण त्या दुकानात त्या दिवशी एका घड्याळाची ओळख झाली आणि दुसरे पाहुणेच राहिले, हे मला जाणवले.

खरी परीक्षा पुढेच होती. अण्णांची धाकटी मुलगी पोलीस भरतीची तयारी करीत होती. पहाटे पाचच्या सुमारास उमरखेडच्या रस्त्यांवर जो दिसतो तो धावत असतो. मुलगे १६०० मीटर, मुली ८०० मीटर. मैदानी परीक्षा ५० गुणांची, त्यातले २० या लांब धावण्याचे, उरलेले १०० मीटर धावणे आणि गोळाफेक यांचे. ठरलेल्या वेळेच्या आत आले तर पूर्ण गुण. काही सेकंद जास्त लागले की दोन गुण गेले. आणि एकेका गुणात किती मुले अडकलेली असतात, हे ज्यांच्या घरी असे मूल आहे त्यांनाच ठाऊक. अण्णांची जमीन थोडी, सोयाबीनचा भाव पडलेला, आणि पोरीचे भरतीचे वय दोन वर्षांनी संपणार. घरात याविषयी कोणी बोलत नसे. पण पहाटे साडेचारला वहिनी तिच्यासाठी उठत, ते बोलण्यासारखेच होते.

"काका, तुमच्याकडं दोन दोन घड्याळं हायेत, तर चला मैदानावर," ती म्हणाली. मी गेलो. आश्विनात येथे सूर्य सव्वासहाच्या सुमारास उगवतो. आम्ही पोहोचलो तेव्हा अंधार होता. येथे ओमेगाने पहिली बाजी मारली. त्याचे काटे अंधारात हिरवट उजळले. सी-गलचे सोनेरी काटे पार बुडाले होते. झुंजुमुंजू झाले तेव्हा मी दोन्ही घड्याळे दोन तळहातांत घेतली आणि शिट्टीबरोबर दोन्ही अंगठे दाबले.

ओमेगाचे बटण कडक आहे, अंगठ्याला जोर द्यावा लागतो. सी-गलचे लोण्यासारखे आत जाते. ती खांबांच्या चाकाची करामत. दोन फेऱ्या घालून पोर रेषेवर आली. उजव्या हातातला ओमेगा म्हणाला २ मिनिटे ५७ सेकंद आणि वर थोडे. डाव्या हातातला सी-गल त्याहून एक खूण कमी. दुसऱ्या दिवशी मी घड्याळांचे हात बदलले. आता ओमेगा एक खूण कमी दाखवू लागला! म्हणजे फरक घड्याळांत नव्हता, अंगठ्यांत होता. सुरुवातीला डावा अंगठा किंचित उशिरा दबतो, शेवटी दोन्ही बरोबर. कागदावर हिशेब केला. दिवसाला १० सेकंद मागे पडणारे घड्याळसुद्धा तीन मिनिटांत सेकंदाच्या पन्नासाव्या हिश्श्याइतकेच चुकेल. माणसाचा अंगठा त्याच्या दसपट चुकतो. लाखांतला आणि हजारांतला सगळा फरक त्या अंगठ्याच्या चुकीत बुडून गेला.

आणखी एक गंमत सांगतो. दोन्ही घड्याळांच्या तबकडीवर सेकंदाचे पाच भाग पाडले आहेत. पण दोन्ही यंत्रे सेकंदाला सहा टिकटिका करतात. त्यामुळे काटा थांबतो तो बहुधा दोन खुणांच्या मधेच. दोघेही दिखाव्यात सारखेच! तासाला या टिकटिका होतात २१,६००. एके संध्याकाळी चिन्मयमूर्ती संस्थानात बसलो असता या आकड्याने मला चमकविले. आपल्या जुन्या हिशेबाप्रमाणे माणसाचे श्वास दिवसाला २१,६०० च आहेत. ६० घटका, घटकेची ६० पळे, पळाचे ६ श्वास. यंत्र एका तासात जेवढ्या वेळा धडधडते, तेवढ्या वेळा माणूस दिवसभरात श्वास घेतो; आणि ती पोर मैदानावर पळते तेव्हा तिचा तो हिशेब पार मोडून गेलेला असतो.

कोणी विचारील, की हे काम हल्ली मोबाईल करीत नाही काय? करतो. शंभर-दोनशे रुपयांचे प्लॅस्टिकचे स्टॉपवॉच तर सेकंदाचा शंभरावा भाग दाखविते, आणि प्रत्यक्ष भरतीत पुष्कळ ठिकाणी पायाला चिप बांधून यंत्रच वेळ घेते. पण तिसऱ्या दिवशी एक गोष्ट ध्यानात आली. तिची पहिली फेरी ७८ सेकंदांत होई आणि दुसरीला ९९ लागत. आकडा सांगितला की ती नुसती 'हो' म्हणे. मी तिला सी-गलची तबकडी दाखविली. म्हटले, "पहिल्या फेरीला हा लाल काटा एक पूर्ण फेरा घालून इथं येतो. तो आणखी एवढा पुढं आला तरी चालेल. पण दुसऱ्या फेरीलाही तो तेवढाच पुढं यायला हवा." तिने ते पाहिले. काट्याने कापलेला तो कोन तिच्या डोळ्यांत बसला. पाचव्या दिवशी पहिली फेरी ८५, दुसरी ८९. एकूण २ मिनिटे ५४. पूर्ण गुणांना अजून थोडे कमी. पण तीन सेकंद तिने नुसत्या शिस्तीने मिळविले होते.

त्या दिवसापासून मैदानावरच्या इतर मुलीही जवळ येऊ लागल्या. एकीची वेळ दुसरी घेई. सी-गल या हातातून त्या हातात फिरू लागले. एकदा ते गवतात पडले, पुसून पुन्हा चालू झाले. ओमेगा मात्र माझ्या मनगटावर. एका मुलीने सहज हात पुढे केला तेव्हा मी तिला सी-गलच दिले. ओमेगा कशानेही कमी नव्हते. पाण्यात ते ५० मीटरपर्यंत टिकते, सी-गल ३० पर्यंत; अंधारात दिसते, बारा तास मोजते, आणि त्याची काच ओरखडली तर दंतमंजनाने घासूनही उजळते. यंत्र म्हणून तेच सरस, असा माझा स्पष्ट निकाल आहे. पण कामाचे घड्याळ कोणते, याचा निकाल वेगळा लागला. जे बिनघोरपणे दुसऱ्याच्या हाती देता येते ते कामाचे. चंद्रावर गेलेली घड्याळेही तशीच तर होती, खात्याने माणसाच्या हाती दिलेली. किंमत वाढत गेली तसे तेच घड्याळ हातातून सुटेनासे झाले. हा दोष घड्याळाचा नव्हे.

निघण्याच्या आदल्या दुपारी नदीकडे गेलो. परतीच्या पावसाचे ढग पलीकडच्या काठावर दाटले होते. वीज चमकली तेव्हा सवयीने सी-गलचे बटण दाबले. १२ सेकंदांनी गडगडाट आला. आवाजाला किलोमीटरभर यायला सुमारे तीन सेकंद लागतात, म्हणजे वीज चार किलोमीटरांवर. हे अंतर सुरक्षित नव्हे. शेजारच्या शेतात सोयाबीन कापणाऱ्या बायांना अण्णांनी ओरडून घराकडे पिटाळले. या दिवसांत विदर्भात शेतावरची माणसे विजेने जातात, ही येथे बातमी राहिलेली नाही. "दर वेळी मोजून सांगत जा गं," अण्णा मुलीला म्हणाले. मला वाटते, घड्याळ तिच्याजवळ राहणार हे त्यांनी त्या वाक्यानेच ठरवून टाकले.

सी-गल उमरखेडला ठेवून आलो. परवा तिचा फोन आला. घड्याळ दिवसाला वीस सेकंद मागे पडत होते, ते बसस्थानकाजवळच्या आजोबांनी पाठ उघडून दुरुस्त करून दिले आणि पैसे घेतले नाहीत. तिची वेळ आता २ मिनिटे ५१ आहे. भरतीची तारीख लागायची आहे. ओमेगा आमच्या कपाटात असते. दर रविवारी मी त्याला चावी देतो, आणि सोमवारी रात्री, कोणी न पाहता, ते थांबलेले असते.